जर्मन गुडघा, उलटी फुगडी

माझ्या सासूबाई लोकांना सांगायच्या, "सून डॉक्टरांच्या हाताखाली असते." फिजिओथेरपिस्ट हा शब्द त्यांच्या तोंडात बसत नव्हता आणि शेजारणींचा समज असा की मी मालिश करते. मी कधी वाद घातला नाही. पण आता दिवाळी अंकात जागा मिळालीच आहे, तर एकदाचं सांगून टाकते. सर्जन तुटलेलं जोडतो आणि पुढच्या पेशंटकडे जातो. जोडलेलं पुन्हा वापरायला लावणं हे आमचं काम. ते सावकाश होतं, दुखतं, आणि पेशंटला सगळ्यांत जास्त राग आमचाच येतो.

कुवेत युद्धाच्या आगेमागे मी सौदीतल्या दम्मामच्या एका खासगी इस्पितळात होते. नवरा रास तनुराच्या रिफायनरीत इंजिनिअर. तो पहाटेच्या कंपनी बसने जायचा, मी इस्पितळाच्या व्हॅनने. आमचं फिजिओथेरपीचं खातं दोन भागांत होतं. पुरुषांचं वेगळं, बायकांचं वेगळं, मध्ये कायमची बंद भिंत. पुरुषांकडे नवी यंत्रं होती. आमच्याकडे एक सायकल, वाळूच्या पिशव्या, धरून चालायचे दांडे आणि मी.

पेशंट मात्र एकेक नग. एका व्यापाऱ्याची आई होती, सगळे तिला उम्म खालिद, म्हणजे खालिदची आई, म्हणायचे. खुब्याचं हाड मोडून बसवलेलं. पहिल्या दिवशी मी पाय उचलायला सांगितला, तर बाईंनी सोबतच्या मोलकरणीला खूण केली. मोलकरीण निमूटपणे गादीवर आडवी झाली आणि पाय उचलायला लागली. "ही करेल," उम्म खालिद म्हणाल्या, "मी बघते." मी थांबवलं नाही. मोलकरणीकडून सगळा व्यायाम करून घेतला, तिला शाबासकी दिली आणि म्हटलं, "खलास. हिचा खुबा आता उत्तम. उद्यापासून हिला बाजारात पाठवा, तुम्ही इथेच बसा." बाई इतक्या हसल्या की हसता हसता स्वतःच उठून बसल्या. नंतर त्यांच्यासारखी मेहनत कुणी केली नाही.

पण सांगायची आहे ती हाइकेची गोष्ट.

हाइके आमच्याच इस्पितळात ऑपरेशन थिएटरची नर्स होती. जर्मन, सत्तावीस वर्षांची, उंच, खांदे पोहणाऱ्या बाईसारखे. ती पहिल्यांदा आली तेव्हा कुवेतचं काही घडलं नव्हतं. दारातून आत येताना तिने डावा पाय किंचित जपून टाकला आणि मी मनात म्हटलं, गुडघा. खुर्चीत बसून तिने पँट वर सारली. गुडघ्यावर ऑपरेशनचा लांब वण.

"कशाने झालं?" मी विचारलं.

"फुटबॉल."

"बघताना?"

"खेळताना," ती म्हणाली. माझ्या डोक्यात फुटबॉल खेळणारी बाई तोवर आलेलीच नव्हती. ही खेळत होती बचावाच्या फळीत, सहा वर्षांची असल्यापासून. गावाकडच्या क्लबमधून वर चढत चांगल्या संघात पोचली. तिकडेही बायकांना त्याचे पैसे नव्हते. दिवसभर नर्स, संध्याकाळी सराव, रविवारी सामना. अशाच एका सामन्यात पाय मातीत रुतला, अंग वळलं आणि गुडघ्यातला दोर तुटला. ऑपरेशननंतर खेळ बंद होता, तोवर चार पैसे जमवावेत म्हणून ती इकडे नोकरीला आली होती.

हा दोर जरा समजून घ्यायला हवा. गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी यांना बांधून ठेवणारा एक लिगामेंट असतो. सरळ चालताना त्याची फारशी आठवण होत नाही. धावताना अचानक वळलात की सगळा भार त्यावर. त्या काळी तो तुटला की बहुतेकांचं खेळणं तिथेच संपायचं. हाइकेचा नवा दोर तिच्याच शरीरातला तुकडा घेऊन बसवला होता. काम छान झालं होतं. पण नवा दोर घट्ट व्हायला महिने लागतात, आणि तोवर त्याच्यावर भार कधी आणि किती टाकायचा, हे सर्जन सांगत नाही. ते आम्ही ठरवायचं.

तिला घाई होती, आणि घाईला कारण होतं. त्याच वर्षी जर्मनीत बायकांची देशपातळीवरची लीग पहिल्यांदा सुरू होणार होती. तिच्या क्लबला त्यात जागा मिळाली होती. एकवीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते घडत होतं आणि ही बाई सौदीत, अबाया घालून, लंगडत. प्रशिक्षकाने सांगून ठेवलं होतं, की ईस्टरपर्यंत तुझी जागा धरून ठेवतो. त्यानंतर दुसरी मुलगी घेणार.

"ईस्टरला मी धावले पाहिजे," ती म्हणाली.

"ते तुझा गुडघा ठरवेल."

"गुडघा नाही, मी ठरवेन."

"मग माझ्याकडे कशाला आलीस?"

असं आमचं सुरुवातीपासून जमलं.

तिला सगळ्यांत जास्त गरज होती ती तोल सांभाळायच्या डुलत्या फळीची. वर सपाट लाकूड, खाली अर्धा चेंडू. एका पायावर उभं राहायचं आणि फळी डुलू द्यायची नाही. फळी होती, पण भिंतीपलीकडे. मी मागितली. उत्तर आलं, पुरुष विभागाचं सामान पुरुष विभागात. दोनदा मागितल्यावर मी घरी गेले आणि माझा पोळपाट काढला.

इस्पितळात हसनभाई नावाचे सुतार होते, रत्नागिरीजवळचे. त्यांना पोळपाट दिला आणि म्हटलं, याचे पाय काढा आणि खाली मधोमध अर्धा गोळा बसवा.

त्यांनी पोळपाट उलटसुलट करून पाहिला. "बाई, भांडण झालं काय घरात?"

"का?"

"नाय, पोळ्या बंद केल्यात म्हणून विचारतो."

दोन दिवसांनी त्यांनी जुन्या जिन्याच्या कठड्यावरचा लाकडी गोळा अर्धा कापून खाली पक्का बसवून दिला. वर काथ्याही चिकटवला, पाय घसरू नये म्हणून. हाइके त्या पोळपाटावर डाव्या पायाने उभी राहायची, मी समोरून चेंडू फेकायचे, ती झेलायची. घरी मी ओट्यावर पोळ्या लाटायचे. नवऱ्याने आकाराबद्दल एकदाच शेरा मारला. पुन्हा नाही मारला.

ऑगस्टात इराकने कुवेत घेतलं. हळूहळू रस्त्यांवर लष्करी गाड्या वाढल्या, शाळा रिकाम्या व्हायला लागल्या, लोक बायकामुलांना घरी धाडायला लागले. जानेवारीपर्यंत बहुतेक जर्मन नर्सेस निघून गेल्या. हाइकेलाही वकिलातीने जा म्हणून सांगितलं होतं, इस्पितळही सोडायला तयार होतं. मी तिला सरळ विचारलं, "तू का नाही जात?"

"गेले तर प्रशिक्षक लगेच मैदानात उतरवेल," ती म्हणाली, "आणि मी 'नाही' म्हणू शकणार नाही. तुला 'अजून नाही' म्हणता येतं. मला नाही येत."

क्षेपणास्त्रांपेक्षा स्वतःच्या होकाराला घाबरणारी बाई मी तेवढी एकच पाहिली. तेव्हा आमचा विभाग रिकामा करून तिथे जखमींसाठी खाटा लावल्या होत्या. म्हणून ती ड्यूटी संपली की व्हॅनने आमच्या घरी यायला लागली. पोळपाट घरी परत आला, पण माझ्या उपयोगाचा राहिला नव्हता.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये मंदा राहायची. सातारची, नवरा बँकेत. मंदा अंगाने भक्कम आणि तोंडाने त्याहून. त्या वर्षीची संक्रांत म्हणजे इराकला दिलेली मुदत संपायचा आदला दिवस. जग घड्याळाकडे बघत होतं आणि मंदा म्हणाली, "हळदीकुंकू होणार. युद्ध त्यांचं आहे, संक्रांत आपली आहे." राहिलेल्या मराठी बायका होत्या मोजून सात. पडदे लावून आम्ही तिच्या घरी जमलो. तिने वाण म्हणून काय लुटावं? विषारी वायू आत येऊ नये म्हणून खिडक्यांच्या फटी बंद करायची रुंद चिकटपट्टी. प्रत्येकीला तिळगूळ आणि एक गुंडाळी. दुकानांतून ती नाहीशी झाली होती. हिने कुठून मिळवली, देव जाणे. मला आयुष्यात मिळालेलं सगळ्यांत कामाचं वाण ते.

हाइकेलाही बोलावलं होतं. कपाळाला कुंकू, हातात चिकटपट्टी, सोफ्यावर अवघडून बसली होती. मग कुणीतरी टेबल सरकवलं आणि फुगड्या सुरू झाल्या. मंदाने हाइकेला ओढलं. मी "जपून" म्हणेपर्यंत दोघींचे हात गुंफलेसुद्धा.

दोन फेऱ्यांत मंदा ओरडली, "अगं बाई, मागे जा ना! मी काय खांबाशी फुगडी खेळते का?"

बाकीच्या हसल्या. मी हाइकेच्या पायांकडे बघत होते. फुगडीत दोघींनी मागे झुकायचं असतं. एकीचं वजन दुसरी तोलते, म्हणून वेग येतो. हाइके ताठ होती. सगळा भार उजव्या पायावर, डावा नुसता जमिनीला लागल्यासारखं करायचा. गुडघा पूर्ण वाकत होता. मांडीचा घेर दोन्हीकडे सारखा झाला होता. माझ्या मोजायच्या टेपने ती बरी होती. फुगडीने नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तिला तसं सांगितलं. ती चिडली. "माप तू घेतलंस. तूच म्हणालीस उत्तम आहे."

"पाय उत्तम आहे. तुझा त्याच्यावर विश्वास नाही. बचावात खेळतेस ना? समोरची डावीकडून आली की तू वळणार नाहीस, वळल्यासारखं करशील. ती निघून जाईल. किंवा तू घाबरत घाबरत वळशील आणि पुन्हा तुटेल."

ती म्हणाली, "मग काय करायचं?"

"फुगडी."

युद्ध सुरू झालं. सायरन वाजायचे, बहुधा अंधार पडल्यावर. आमची आतली खोली चिकटपट्टीने बंद केलेली. इस्पितळाने मला आणि हाइकेला गॅस मास्क दिले होते, नवऱ्याला कंपनीने दिला होता. मंदाच्या नवऱ्याच्या बँकेने काही दिलं नव्हतं. मंदा म्हणायची, "तुमची चैन आहे. आम्ही आपले ओल्या टॉवेलवर मरणार." पण सायरन वाजला की नवऱ्याला घेऊन आमच्याकडेच यायची, स्वतःची बादली आणि टॉवेल सोबत.

त्याच खोलीत रोज फुगडी. जोडीदार मंदा, कारण मला बाहेर उभं राहून पाय बघायचे होते. शिवाय मंदाचं वजन असं की समोरचीला झुकल्याशिवाय गत्यंतर नाही. मी त्यांना उलट्या दिशेने फिरायला लावायचे, म्हणजे आस डाव्या पायाचा. मंदाला उलटी फुगडी अजिबात जमेना. "डोकं फिरतंय गं," ती कुरकुरायची, "बरी ती होणार आणि आडवी मी होणार." तिने बसफुगडीचाही हट्ट धरला. ती मी साफ नाकारली. उकिडवं बसून पाय पुढे फेकणं म्हणजे नव्या दोराला आमंत्रणच. हाइके मन लावून खेळायची, घाम गाळायची आणि ताठच राहायची. असे बरेच दिवस गेले. मलाही वाटायला लागलं, की ईस्टर हातचा जाणार.

एका संध्याकाळी फुगडी ऐन वेगात होती आणि सायरन वाजला.

मंदाने हात सोडले.

तिचा दोष नव्हता. सायरन वाजला की टॉवेल भिजवायचा, ही सवय इतकी मुरली होती की हातांनी डोक्याला विचारलंच नाही. पण वेगातल्या फुगडीत हात सुटला की काय होतं, ते लहानपणी प्रत्येकीने भोगलेलं असतं. हाइके मागे फेकली गेली. कपाटावर आदळणार तेवढ्यात तिने डावा पाय टाकला. पाय रुतला, अंग गर्रकन वळलं. मैदानात झालं होतं ते अगदी हुबेहूब. आणि ती तशीच उभी राहिली, हात कपाटावर टेकून.

सायरन चालूच होता. नवऱ्याने आम्हा दोघींना मास्क दिले. हाइकेने मास्क चढवला आणि पलंगावर पाय पसरून बसली. मास्कच्या काचांमागे तिचे डोळे तेवढे दिसत होते.

हा दोर तपासायची एक पद्धत आहे. गुडघा जरासा वाकवायचा, एका हाताने मांडी घट्ट धरायची, दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढायची. दोर शाबूत असेल तर नडगी टक्कन अडते. तुटला असेल तर लोण्यातून सुरी जावी तशी पुढे येते. बघायला काही नसतं, सगळं हातांना कळतं. मी माझा मास्क चढवून ती तपासणी केली. घामाने काचा धुरकटलेल्या, कानांत सायरन, बाजूला मंदा ओल्या टॉवेलआडून "मेले मी, मेले मी" करतेय. दोनदा ओढून पाहिलं.

अडली. दोन्ही वेळा टक्कन अडली.

मास्कमधून बोललेलं ऐकू जात नव्हतं. मी अंगठा वर केला. तिला पटलं नाही. तिने माझा हात धरून पुन्हा गुडघ्यावर ठेवला. मी तिसऱ्यांदा ओढलं आणि दोन्ही अंगठे वर केले. मग ती मागे भिंतीला टेकली आणि तिचे खांदे हलायला लागले. रडत होती की हसत होती, ते मास्कमुळे मला कळलं नाही आणि मी नंतर विचारलंही नाही.

सूज येते का, हे बघायला दुसरा दिवस उजाडावा लागला. आली नाही. संध्याकाळी मंदा खाली मान घालून आली, हातात शिऱ्याची वाटी. हाइकेने शिरा खाल्ला, वाटी बाजूला ठेवली आणि हात पुढे केले. मंदा माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "घाल."

उलटी फुगडी सुरू झाली आणि हाइके मागे झुकली. पूर्ण, डोकं सुटं सोडून. डाव्या पायाभोवती भोवऱ्यासारखी फिरली. जे व्हायची धास्ती होती ते होऊन गेलं होतं आणि दोर टिकला होता. आता तिला माझ्या टेपची गरज नव्हती. शेवटी मंदाच धापा टाकत थांबली. "बघितलंस?" मला म्हणाली, "तू इतके महिने घेतलेस. मी एका झटक्यात बरी केली."

हे वाक्य मंदा अजूनही ऐकवते. मी तिला सांगते की हा उपचार कुठल्याही पुस्तकात नाही आणि मी तो कुणावर करणारही नाही.

युद्ध थांबलं तेव्हा कुवेतच्या तेलविहिरी जळत होत्या. वारा उत्तरेचा असला की दम्मामवर दुपारीच सावट यायचं, दोरीवरचे कपडे काळे व्हायचे. नर्सेसच्या वसतिगृहामागे उंच भिंतींचं एक आवार होतं. बायकांना खेळायला तेवढीच जागा. हाइकेने फिलिपिनो आणि केरळच्या नर्सेस गोळा केल्या आणि फुटबॉल मांडला. मी भिंतीला टेकून उभी होते. मला खेळातलं काही कळत नाही, मी पाय बघत होते. एक चपळ फिलिपिनो पोरगी मुद्दाम डाव्या बाजूने घुसायची. मीच तिला तसं सांगून ठेवलं होतं. हाइके वळली, चेंडू काढून घेतला. पुन्हा वळली, पुन्हा काढून घेतला. मग ती पोरगी माझ्याकडे बघून हात हलवायला लागली, की पुरे, मला दुसरं काम द्या.

हाइके घामाघूम होऊन माझ्यासमोर आली. चेहऱ्यावर काजळी. "बोल," ती म्हणाली.

"जा," मी म्हटलं.

ती ईस्टरच्या आधी पोचली. पहिल्या सामन्यात तिला शेवटचा थोडाच वेळ मिळाला, पुढच्या मोसमात मात्र जागा पक्की झाली. देशाच्या संघात ती कधी आली नाही. शिबिराला एकदा बोलावलं होतं, परत पाठवलं. नावाजलेली वगैरे नव्हती. पण ज्या लीगची लहानपणापासून वाट पाहिली, त्यात ती रविवारमागून रविवार खेळली आणि सोमवारी थिएटरला ड्यूटीवर गेली. तिचा खरा सामना मी एकही पाहिला नाही. टीव्हीवर दाखवत नसत आणि जर्मनीला जाणं काही झालं नाही. ही एक गोष्ट राहून गेली, एवढंच.

काही वर्षांनी आम्ही पुण्याला परतलो. मी स्वतःचं क्लिनिक काढलं. एक दिवस घरी फोन आला. हाइके.

"मी खेळणं थांबवलं," ती म्हणाली.

मी विचारलं, "का?"

"परवा एका सामन्यात एक अठरा वर्षांची पोरगी मला हुकवून गेली. एकदा नाही, सारखी. मी घरी आले आणि बूट धुऊन ठेवून दिले."

"कुठल्या बाजूने गेली?" मी विचारलं.

ती हसायला लागली. "दोन्ही बाजूंनी."

"मग ठीक आहे," मी म्हटलं.